भिल्लम दुसरा : संगमनेरच्या ताम्रपटातील यादव राजा

देवगिरीचे वैभव उदयास येण्यापूर्वी सुमारे दोन शतके सेऊणदेशावर अधिकार चालविणारा यादव महासामंत दुसरा भिल्लम आज मुख्यत्वे ओळखला जातो, तो संगमनेर येथे सापडलेल्या शके ९२२, म्हणजेच इ. स. १००० मधील संस्कृत ताम्रपटामुळे. राष्ट्रकूटांची सत्ता ९७३ मध्ये लयास गेल्यावर चालुक्य तैलप दुसरा याचे मांडलिकत्व पत्करून त्याने माळव्याच्या परमार मुंजाविरुद्धच्या युद्धात पराक्रम गाजविला. त्याची राणी लक्ष्मी मात्र त्या अस्तंगत राष्ट्रकूट कुळातलीच होती. हा ताम्रपट वस्तुतः इनामाची सनद असून, संगमनेरच्या विजयाभरणेश्वर या शिवालयास अर्जुनोंढिका नावाचे गाव भिल्लमाने अर्पण केल्याची नोंद तीत आहे.