पांजरपोळांतील कुत्र्यांविषयीं गैरसमज

पांजरपोळांतलें कुत्रें म्हणजे रोगट किंवा पिसाळलेलें, असें आमच्या वाटूरकडे पुष्कळ वडील माणसें समजतात. परंतु मुंबईचा पांजरपोळ निघाला कशासाठीं? सन १८३२ मध्यें सरकारी हुकुमानें तेथील मोकाट कुत्रीं मारूं लागले, तेव्हां पारशी लोक खवळून दंगा झाला. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई प्रभृतींनीं हा आश्रय उभारिला. तात्पर्य, धडधाकट जनावरें वांचविण्याची ती सोय होती.

शिवाय पिसाळण्याचा रोग प्रकट झालेलें कुत्रें बहुधा दहा दिवसांच्या आंत मरतें. मग महिनोन्‌महिने तेथें सुखानें जेवणारें कुत्रें पिसाळलेलें कसें? तथापि प्रतिबंधक लस टोंचल्याची खात्री करावी व ती पुढेंही वेळच्या वेळीं टोंचवावी. फुकट मिळालें म्हणून पुढें खर्च नाहीं, हाही भ्रमच! विलायती केंसाळ कुत्र्याची हौस असणारांनीं मात्र मराठवाड्याचा वैशाख आठवावा. गांवठी कुत्रें तो सहज सोसतें.

मोठें कुत्रें माणसाळत नाहीं, हा समज तर फारच घातक. नव्या घरीं तें प्रथम कोपऱ्यांत दडतें, अन्नास तोंड लावीत नाहीं. तेवढ्यावरून कित्येकजण तें परत नेऊन सोडतात. मुलांनो, अशा वेळीं जवळ पाणी ठेवावें, आणि त्यास ओढून बाहेर काढूं नये.