रबर म्हातारे होते तेव्हा

डिसेंबरात नाशिकला थंडीचा कडाका पडला, की गच्चीवरच्या सौर बंबाची आठवण होते आणि त्याच्या गळतीचीही. काचेची नळी टाकीत जिथे शिरते, तिथल्या रबरी रिंगेतून पाणी झिरपत असते. भर पावसाळ्यात ते कुणाच्या लक्षात आलेले नसते. मग एम-सील मळून त्या जागी थापले जाते. काही आठवडे बरे जातात आणि पाणी थापलेल्या लेपाच्या कडेने पुन्हा वाट काढते. कारागिराचा हात यात क्वचितच चुकलेला असतो. गळते ती एक जागा दिसते, पण रिंगेचे सगळेच रबर तोवर बदललेले असते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जुन्या रबराची गळती बुजवण्याआधी त्या रबराचे काय झाले आहे ते पाहावे.

नैसर्गिक रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा शेवयांसारखा गुंता. नुसता चीक वाळवून केलेले रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी माणसाने १८३९ मध्ये गंधक घालून ते तापवले तेव्हा या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले गेले. ताणले तर ताणावे आणि सोडले की मूळ जागी यावे, हा गुण रबराला या पुलांमुळे येतो. पूल हवे तेवढेच असावे लागतात. कमी पडले तर रबर लिबलिबीत होते, वाढले तर ताठर.

हवेतला ऑक्सिजन हा समतोल रोज थोडाथोडा बिघडवतो. तो साखळीवर हल्ला करतो, त्यातून अस्थिर तुकडे तयार होतात आणि ते शेजारच्या साखळ्यांना गाठतात. नैसर्गिक रबरात मुख्यतः साखळ्या तुटतात, म्हणून जुने रबरबँड हाताला चिकटते. नायट्राइलसारख्या कृत्रिम रबरात उलट नवे पूल बांधले जातात आणि नळी लाकडासारखी कडक होते. उष्णता या सगळ्याला वेग देते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. तीस अंशांत सोळा वर्षे टिकेल ते रबर साठ अंशांत, या हिशेबाने, दोनच वर्षे टिकेल. तांबे संपर्कात असेल तर नैसर्गिक रबराची झीज आणखी वाढते.

दुसरा शत्रू ओझोन. वाहनांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कडक ऊन यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, ते तो नेमके छाटतो. पण त्याची एक खोड आहे. रबर ताणलेले नसेल तर तो फारसे काही करत नाही. ताणलेले असेल तर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा पाडतो. म्हणून नळीच्या वाकलेल्या जागी आणि क्लिपने आवळलेल्या टोकाशी भेगा आधी दिसतात. गळते म्हणून क्लिप आणखी आवळणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण कडक झालेल्या रबरात ती पट्टी सुरीसारखी रुतते.

या साऱ्याची मोठी आणि महागडी परीक्षा अमेरिकेत झाली. थंड प्रदेशांत घराच्या फरशीखाली नळ्या पुरून त्यांतून कोमट पाणी फिरवतात, त्याने खोली उबदार राहते. गुडइयर कंपनीने १९८९ ते १९९३ या काळात बनवलेली ‘एन्ट्रान २’ नावाची रबरी नळी तिथल्या अनेक घरांत काँक्रीटखाली गेली. पुढे ती कडक होऊन गळू लागल्याच्या तक्रारी आल्या, खटले झाले आणि २००४ मध्ये मोठ्या रकमेच्या तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. जोडाजवळची गळती असेल तर टोक कापून, नवे फिटिंग घालून भागते. फरशीखालची नळीच ताठ झाली असेल तर काँक्रीट फोडण्यावाचून उपाय उरत नाही. अशा यंत्रणेत एक गोष्ट गळतीपेक्षाही छुपी असते. पाण्याचा थेंब बाहेर न येता रबराच्या भिंतीतून ऑक्सिजन आत झिरपतो आणि बॉयलर व पंपाचे लोखंड गंजवतो.

मग सायकलच्या ट्यूबचे पंक्चर कसे निघते? तिथले रबर अजून जिवंत असते. खिळ्याचे भोक एकाच जागी पडलेले असते. कारागीर पृष्ठभाग खरवडतो, सोल्यूशन लावून वाळू देतो आणि ठिगळ दाबून बसवतो. सोल्यूशनमधले रबर दोन्ही बाजूंच्या साखळ्यांत मिसळते. म्हाताऱ्या रबरात ते मिसळायला जागाच नसते. ठिगळ टिकले तरी शेजारी नवी चीर पडते. सिलिकॉनला तर बहुतेक चिकटद्रव्ये धरतच नाहीत.

चांगल्या सौर बंबाची रिंग सिलिकॉनचीच असते. तिची साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, त्यामुळे ती उष्णतेत इतर रबरांपेक्षा पुष्कळ टिकते. पण वर्षानुवर्षे दबून राहिलेली रिंग तोच आकार धरून बसते आणि काचेवर दाबणे सोडते. मेमध्ये कुटुंब गावी गेले, की न वापरलेले पाणी उकळत राहते. वाफ सिलिकॉनला सोसत नाही. तेवढे दिवस नळ्यांवर कापड झाकून जावे. बोअरचे पाणी वापरत असाल तर रिंगेच्या बैठकीत क्षारांचा थरही असतो. तो न खरवडता नवी रिंग बसवली तर तीही गळेल. रिंग बदलताना बंब थंड असावा, म्हणजे सकाळी लवकर. तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेले की काच तडकते. नळी सरकावी म्हणून खाद्यतेल किंवा ग्रीस चोपडू नये, साबणाचे पाणी पुरते. रिंग इपीडीएम या कृत्रिम रबराची असेल तर ती खनिज तेलात फुगते.

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीबाबत दुरुस्ती हा शब्दच काढू नये. तारेचे वेष्टन असलेली सुरक्षा नळीही तेल कंपन्यांच्या सूचनेप्रमाणे पाच वर्षांनी बदलायची असते. चीर दिसत नाही म्हणून मुदत वाढत नाही.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत रबर म्हातारे होण्याची हीच गोष्ट ठिबकच्या ग्रोमेटमध्ये घडते. पीव्हीसी पाइपला भोक पाडून त्यात घट्ट बसवलेली ही रबरी चकती कायम दाबाखाली असते. वरून ऊन आणि ठिबक स्वच्छ करायला सोडलेले क्लोरीन. एक गळला की एक बदलायचा, असे बहुतेकदा चालते. पण एका सबमेनवरचे सगळे ग्रोमेट एकाच दिवशी बसलेले आणि एकाच उन्हात तापलेले असतात. दोन-चार गळू लागले, की उरलेल्यांपैकी एखादा काढून नखाने दाबून पाहावा. खळगा भरून आला नाही किंवा वाकवल्यावर चिरा उमटल्या, तर त्या ओळीतले सगळेच बदलावेत, तेही फळांसाठी होणाऱ्या गोडी छाटणीच्या आधी. छाटणीनंतर बागेला पाण्याची खरी गरज असताना ओळीच्या टोकाला दाब कमी पडला, तर त्याचे नुकसान एका रबरी चकतीच्या किमतीत मोजता येणार नाही.