बातमीतलं दुसरं नाव

२४ फेब्रुवारी २०११ रोजी एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली मोठी बातमी शेन बॅटिएची होती. ह्यूस्टन रॉकेट्सने आपला हा जाणता बचावपटू मेम्फिस ग्रिझलीजला दिला आणि बदल्यात सात फुटांहून उंच हशीम थबीत, डेमार कॅरल आणि ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्या फेरीतली एक निवड घेतली. बॅटिएबरोबर आणखी एक जण मेम्फिसला गेला. बावीस वर्षांचा, सहा फुटी पॉइंट गार्ड इश स्मिथ. दोन वर्षांनी ऑरलँडोहून मिलवॉकीला गेला तेव्हा बातमी जे. जे. रेडिकची होती. २०२२ मध्ये वॉशिंग्टनहून डेन्व्हरला गेला तेव्हा केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपची. इश स्मिथ दरवेळी त्या बातमीतलं दुसरं किंवा तिसरं नाव.

आज त्याची ओळख एका आकड्यावर उरली आहे. तेरा संघ. एनबीएच्या इतिहासात इतक्या संघांकडून दुसरं कोणी खेळलेलं नाही. त्याआधीचा बारा संघांचा विक्रम चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ या चौघांच्या नावावर होता. हा आकडा गंमत म्हणून सांगितला जातो आणि त्याच्या खेळाविषयीचं बोलणं तिथेच संपतं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ज्याला तेरा संघांनी सोडलं, त्याला तेरा संघांनी बोलावलंही होतं.

जन्म शार्लटचा, नॉर्थ कॅरोलायनातला. कॉलेज त्याच राज्यातलं वेक फॉरेस्ट. मगसी बोग्स आणि ख्रिस पॉल हे दोन थोर पॉइंट गार्ड तिथूनच घडले. पॉल २००५ मध्ये बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी स्मिथ आला. त्याला घेणारे प्रशिक्षक स्किप प्रॉसर २००७ च्या जुलैत अचानक वारले, तेव्हा त्याचं कॉलेजचं एकच वर्ष झालं होतं. तो चारही वर्षं तिथेच राहिला. २०१० च्या मार्चमध्ये कॉलेज संघांच्या एनसीएए स्पर्धेच्या पहिल्या फेरीत टेक्ससविरुद्ध सामना जादा वेळेत गेला. सेकंद-दीड सेकंद उरलं असताना स्मिथने उडी मारून चेंडू टाकला आणि वेक फॉरेस्ट ८१-८० ने जिंकलं. पुढच्या फेरीत केंटकीने त्यांना तीस गुणांनी हरवलं. केंटकीचा पॉइंट गार्ड होता जॉन वॉल. तीन महिन्यांनी ड्राफ्टमध्ये साठ नावं पुकारली गेली. पहिलं नाव वॉलचं होतं. त्या साठांत इश स्मिथ नव्हता.

असा खेळाडू लीगमध्ये शिरतो तो किमान वेतनाच्या करारावर, आणि तो करार बहुधा पूर्ण हमीचा नसतो. संघात जागा पंधरा. दहा जानेवारीला हंगामाचे सगळे करार पक्के होतात, म्हणून त्याआधीच्या डिसेंबरात कडेला बसलेल्यांच्या मानेवर टांगती तलवार असते. ह्यूस्टनने २०१४ मध्ये स्मिथला दुसऱ्यांदा घेतलं आणि डिसेंबरातच मोकळं केलं. मोठ्या अदलाबदलीत दोन्हीकडच्या पगारांचा मेळ घालावा लागतो, पटावरच्या जागा मोजाव्या लागतात. तिथे लहान कराराचा माणूस हिशेबात सहज बसतो. महाराष्ट्रात बदलीच्या नोकरीतल्या माणसाला कायद्याने साधारण तीन वर्षांचा कालावधी तरी मिळतो. इथे फेब्रुवारीच्या एखाद्या दुपारी फोन येतो आणि संध्याकाळी विमान धरायचं असतं.

आणि हे पॉइंट गार्डने करायचं म्हणजे सगळ्यात अवघड. सेंटरला नव्या संघात पहिल्या दिवशी सांगता येतं, पहारेकऱ्याची वाट अडव, उसळलेला चेंडू घे. पॉइंट गार्डचं तसं नाही. चाल तो पुकारतो. प्रत्येक प्रशिक्षकाच्या चालींची नावं वेगळी, हाताच्या खुणा वेगळ्या. कोणाला चेंडू छातीशी हवा, कोणाला उंच, कोण कोपऱ्यातून नेम साधतो, कोण धावता धावता, हे सोबतच्या चौघांपैकी ज्याचं त्याला ठाऊक असतं आणि ते त्याने आठवड्याभरात शिकायचं. २०१० च्या शरदापासून २०१५ च्या डिसेंबरपर्यंत स्मिथने हे ह्यूस्टन, मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑरलँडो, मिलवॉकी, फीनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया आणि न्यू ऑर्लिन्स इतक्या ठिकाणी केलं. चेंडू हातात घेऊन त्याच्याइतकं वेगाने धावणारे लीगमध्ये फार थोडे होते. उणीव एकच, पण मोठी. तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचा नेम कच्चा होता. आणि त्याच वर्षांत सगळी लीग त्या रेषेबाहेर सरकत होती.

फिलाडेल्फियाचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायलाच हवं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटीने त्याला न्यू ऑर्लिन्सकडे धाडलं. न्यू ऑर्लिन्सने दोन दिवसांत मोकळं केलं आणि फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सने उचललं. सॅम हिंकी तेव्हा तो संघ चालवत. आज हरायचं, ड्राफ्टमध्ये वरच्या निवडी साठवायच्या आणि त्यातून उद्याचा संघ उभा करायचा, असं त्यांचं धोरण. स्मिथ हंगाम संपेपर्यंत चांगला खेळला, तरी उन्हाळ्यात त्याला ठेवलं नाही. मग २०१५-१६ चा हंगाम उजाडला. सेव्हन्टीसिक्सर्स सुरुवातीचे अठरा सामने ओळीने हरले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर नोंद होती एक विजय, तीस पराभव. नर्लन्स नोएल आणि जलील ओकाफोर हे दोन गुणी तरुण उंच खेळाडू संघात होते, पण त्यांच्या हातात वेळेवर चेंडू देणारं कोणी नव्हतं. मुद्दाम हरण्याच्या त्या धोरणात न मांडलेला खर्च होता तो हाच. पॉइंट गार्डशिवाय तरुण मुलं नुसती हरत नाहीत, चुकीचा खेळ शिकत जातात.

२४ डिसेंबरला फिलाडेल्फियाने ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी न्यू ऑर्लिन्सला देऊन इश स्मिथला परत आणलं. उन्हाळ्यात जो फुकट राखता आला असता, त्याच्यासाठी आता किंमत मोजली. या वेळी मोठं नाव दुसऱ्या कोणाचं नव्हतं. बातमी त्याचीच होती. दोन दिवसांनी फीनिक्समध्ये पहिला सामना, आणि सेव्हन्टीसिक्सर्स जिंकले. पुढच्या पन्नास सामन्यांत तो सरासरी १४.७ गुण आणि ७ असिस्टच्या हिशेबाने खेळला. संघ ७२ सामने हरला हे खरं. पण हंगामातल्या दहा विजयांपैकी नऊ तो आल्यानंतरचे आहेत. माझ्या मते हे पन्नास सामने त्याच्या कारकिर्दीचा गाभा आहेत. गुणतक्त्यात तळाला असलेल्या संघातले पराभूत सामने कोणी पुन्हा पाहत नाही. पण एका माणसाने चेंडू हाती घेतल्यावर बाकीचे चौघे किती वेगळे दिसू लागतात, हे पाहायचं असेल तर तेच सामने पाहावेत.

त्याचं फळ त्याला मिळालं. २०१६ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटने तीन वर्षांचा, १ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदाच त्याला सलग तीन वर्षं एका गावात राहता आलं. तिथला मुख्य पॉइंट गार्ड रेजी जॅक्सन गुडघ्याच्या दुखण्याने सुरुवातीलाच बाहेर बसला, तेव्हा स्मिथनेच संघ हाकला. २०१९ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला. तिथला मुख्य पॉइंट गार्ड कोण, तर जॉन वॉल. वॉलच्या पायाचा स्नायुबंध तुटला होता आणि २०१९-२० चा पूर्ण हंगाम तो खेळलाच नाही. ती जागा भरणाऱ्यांत इश स्मिथ होता. मग जन्मगाव शार्लट, सहा महिन्यांत पुन्हा वॉशिंग्टन, आणि डेन्व्हर. तिथे तेराव्या संघाचा विक्रम झाला.

डेन्व्हरमध्ये तो राखीवातला राखीव होता. प्ले-ऑफमध्ये त्याला मोजकी मिनिटं मिळाली. जमाल मरे आणि निकोला योकिच यांनी संघ उचलून धरला होता. राखीव खेळाडूंत शेजारी आता रेजी जॅक्सनही येऊन बसला होता. १२ जून २०२३ रोजी मायामीला ९४-८९ असं हरवून डेन्व्हरने आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. विजेत्याची अंगठी स्मिथलाही मिळाली. खेळला थोडाच, तिची कमाई त्याची कशी, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मरे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतला होता आणि नेहमीच्या हंगामात त्याला जपून खेळवावं लागत होतं. तो बसायचा त्या रात्रींची मिनिटं कोणीतरी खेळायचीच होती.

वॉल पाच वेळा ऑल-स्टार झाला. दुखापतींनी त्याला छळलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तो एनबीएतला शेवटचा सामना खेळला. इश स्मिथने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शार्लटशी नवा करार केला आणि आपला चौदावा हंगाम सुरू केला.