उपासना आणि श्रम : मगनवाडीतील जे. सी. कुमारप्पा यांचा ख्रिस्तधर्म

'उपासना' ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ जवळ बसणे असा आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी रविवारच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी हाच शब्द योजला व तो त्या अर्थी रूढ झाला. परंतु बायबलच्या मूळ भाषांत ह्या जागी येणारे शब्द बसण्याचे नसून राबण्याचे आहेत. हिब्रू 'अवोदा' हा शब्द शेतातील कष्टाला, मिसर देशातील वेठीला आणि मंदिरातील सेवेला सारखाच लागतो. ग्रीक 'लायतुर्गिया' म्हणजे मुळात लोकांसाठी केलेले सार्वजनिक काम. पौलाने तर रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात आपले शरीरच जिवंत यज्ञ म्हणून अर्पावे असे सांगून त्या अर्पणालाच उपासना म्हटले आहे. तेव्हा रविवारच्या एका तासाचा उरलेल्या आठवड्याशी संबंध काय, हा प्रश्न उपदेशकांच्या सोयीचा नसून ख्रिस्ती उपासनेच्या व्याख्येचाच आहे.

ह्या प्रश्नाचे एक निर्भीड उत्तर वर्धा येथे, आणि तेही एका हिशेबतपासनिसाकडून, दिले गेले. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडन येथे हिशेबतपासणीचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास असा त्यांचा पूर्वक्रम होता. 1929 मध्ये त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली व आयुष्याची दिशा पालटली. सरकारी दडपशाहीविषयी चर्चने मौन धरावे हे त्यांना मानवले नाही; 1930 मध्ये कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा मतभेद उघड झाला. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेली मगनवाडी हे संघाचे केंद्र ठरले आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले.

मगनवाडीतील काम वरवर पाहता धार्मिक नव्हे : हातसडीचा तांदूळ, बैलघाणीचे तेल, हातकागद, मधमाश्यांचे संगोपन, रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा 'मगनदीप'. कुमारप्पांच्या दृष्टीने मात्र ह्या वस्तू नीतीच्या प्रश्नापासून वेगळ्या काढता येत नव्हत्या. वस्तू विकत घेणारा हा तिच्या उत्पादनात घडलेल्या सर्व अन्यायाचा भागीदार होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ह्यासाठी ते कोकोचे उदाहरण देत. आफ्रिकेत सक्तीच्या मजुरीने पिकवलेला आणि आरमारी बळाने राखलेल्या सागरी मार्गांनी आलेला कोको जो पितो, तो त्या सक्तीचा व त्या बळाचा वाटेकरी ठरतो. गावातल्या तेल्याकडून तेल घेणाऱ्यास तो तेली कसा जगतो हे पाहता तरी येते. दूर देशीच्या मळ्यातला मजूर दिसतच नाही. शेजाऱ्यावर प्रीती करावयाची तर शेजारी दिसेल इतके बाजाराचे अंतर असावयास हवे. स्वदेशीचे हे समर्थन राष्ट्राभिमानाहून निराळ्या पायावर उभे आहे, हे अभ्यासकांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

प्रभूच्या प्रार्थनेकडे ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचे अर्थशास्त्र स्पष्ट होते. तीत भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती, आणि मागणारा 'मी' नसून 'आम्ही' आहोत. दुसऱ्याच्या ताटातून ओढलेल्या भाकरीसाठी ही प्रार्थना करता येत नाही. कारावासात लिहून 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या येशूच्या आचारविचारांवरील आपल्या ग्रंथात कुमारप्पांनी येशूची शिकवण ह्याच वृत्तीने, म्हणजे आचरणाचा पाठ म्हणून वाचली. ग्रंथाला प्रस्तावना गांधींची होती. त्याच काळातील 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' ह्या ग्रंथात त्यांनी अर्थव्यवहाराच्या चढत्या पायऱ्या मांडल्या. परोपजीवी व्यवहार सर्वांत खालचा, तर सेवेचा सर्वांत वरचा. आईचे संगोपन हा त्याचा नमुना.

काम आणि भक्ती यांचे ऐक्य ही गोष्ट नवी नव्हे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमाने प्रार्थना व अंगमेहनत यांना दिवसाच्या वेळापत्रकात बसवले. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातील ब्रदर लॉरेन्स याने स्वयंपाकघरातच ईश्वरसान्निध्य अनुभवले. महाराष्ट्रात अरणच्या सावता माळ्याने आपला मळा सोडून पंढरी शोधली नाही. पण ह्या तिघांत व कुमारप्पांत एक भेद आहे. लॉरेन्स व सावता यांच्या ठायी कामात देव दिसणे महत्त्वाचे; स्वयंपाकघरात आलेले धान्य कोणाच्या घामाचे, ही चौकशी तेथे नाही. कुमारप्पांची उपासना त्या चौकशीपासून सुरू होते. भक्ताच्या भावाची शुद्धी त्यांना पुरेशी वाटत नाही, खतावणीही शुद्ध लागते.

ह्यावर ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा आक्षेप उघड आहे, व तो हलका नाही. तारण हे कृपेचे दान असेल तर सदाचरणाच्या हिशेबाने ते मिळवता येत नाही. आणि सारे जीवनच उपासना ठरले तर केवळ ईश्वरासाठी राखलेला असा वेळ उरत नाही. पहिल्या आक्षेपाला योहानाच्या पहिल्या पत्राचा आधार घेऊन उत्तर देता येते, कारण दिसणाऱ्या बंधूवर प्रीती न करणाऱ्यास न दिसणाऱ्या देवावर ती करता येत नाही, असे ते पत्रच म्हणते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बेथानी येथे एका स्त्रीने येशूवर मौल्यवान सुगंधी तेल ओतले. ते विकून तीनशे दिनार गरिबांना देता आले असते, अशी तक्रार जमलेल्यांनी केली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे हा जवळजवळ वर्षभराच्या श्रमाचा व्यय होता. तरी येशूने त्या स्त्रीचीच बाजू घेतली. सेवेच्या अर्थशास्त्रात हा व्यय कोणत्या सदरी घालावा, हे सांगणे सोपे नाही.