पडद्यावरच्या बाई आणि न ऐकणारी लेक

सोलापूरच्या लेकराला भाषांची वाण नसते. घरात मराठी, शेजारच्या अंगणात तेलुगू, बाजारात कानडी, बोळात उर्दू-हिंदी. महापालिकेच्या शाळाही या भाषांतून चालत आल्या. पण ज्या मुलाला जन्मापासून ऐकूच येत नाही, त्याच्या कानावर यांतली एकही पडत नाही. मग त्याची भाषा कोणती?

हा प्रश्न आम्हांस पडला तो २०२० च्या टाळेबंदीत. वस्तीतील एका विडी वळणाऱ्या ताईंच्या घरी आम्ही गेलो होतो. त्यांची सातवीतली मुलगी कर्णबधिर. शाळा बंद, शिक्षण मोबाईलवर. ताईंनी उसने पैसे घेऊन रिचार्ज मारलेला. पडद्यावर बाईंचा चेहरा अंगठ्याएवढा. त्या मध्येच फळ्याकडे वळत, मध्येच चित्र थिजे. पोर तासभर टक लावून बसली. हजेरी लागली. काय शिकवले, असे हातानेच विचारल्यावर तिने नुसते खांदे उडवले. ताई म्हणाल्या, "हिला समजलं नाही, का हिला सांगता येईना, तेच मला कळंना."

कर्णबधिर मूल ओठ बघून सगळे समजते, असा आपल्यात मोठा गैरसमज आहे. आरशासमोर 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून बघा. ओठ सारखेच हलतात! मग पडद्याखाली अक्षरे दिली की झाले, असे कोणी म्हणेल. अक्षरे हवीतच. पण जिने मराठी कधी ऐकलीच नाही, तिला छापील मराठीही परकीच भाषा. त्याआधी डोळ्यांनी घेता येईल अशी भाषा पाहिजे, आणि ती जितक्या लहानपणी मिळेल तितके बरे. ती म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. ह्या नुसत्या हातवाऱ्यांच्या खुणा नव्हेत. तिला व्याकरण आहे. भुवया उंचावल्या की साध्या वाक्याचा प्रश्न होतो. म्हणूनच चेहरा आणि दोन्ही हात स्वच्छ दिसले नाहीत तर तो तास वाया गेला म्हणायचा.

ही भाषा शाळेबाहेर कोणी घालवली? १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणा नकोत, तोंडी बोलणेच शिकवा, असा ठराव झाला. त्यात बहुतेक सगळे ऐकू येणारेच होते! जगभरच्या शाळांतून मुलांचे हात बांधले गेले ते तेव्हापासून. २०१० साली व्हँकूव्हरच्या परिषदेने तो ठराव नाकारून खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दृक्‌श्राव्य माध्यमांत सांकेतिक भाषा आणि अक्षरे देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने एनसीईआरटीशी करार करून पहिली ते बारावीची पुस्तके या भाषेत आणण्याचे काम घेतले. त्या केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये निघाला. ६ डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी याच भाषेसाठी आहे.

पण मेख अशी, की कोशाचे 'साइन लर्न' ॲप २०२१ मध्ये आले तेव्हा त्यात शब्द शोधायचा तो हिंदीतून किंवा इंग्रजीतून. आपली मुले बालभारतीची पुस्तके शिकतात. आपल्या आयाबहिणींनी 'वांगे' कुठे शोधावे? मराठीतून शोधायची सोय झाली पाहिजे, आणि ती मागणी पालकांनी लेखी केली पाहिजे. शाळेच्या पालकसभेत एवढे तरी विचारा : मोबाईलवरच्या धड्यात खुणा करणारे कोणी दिसते का? अक्षरे येतात का? शंका विचारायला समोरासमोर व्हिडिओ कॉल होतो का?

त्या ताईंची लेक आता दहावी झाली आहे. तिची आई विड्या वळता वळता मोबाईल समोर ठेवून शंभरएक खुणा शिकली. आजीला मात्र 'चहा' आणि 'भात' एवढेच येते, तेही कधी कधी उलटसुलट. मग नात हसते आणि आजीची बोटे धरून नीट लावून देते.