कार्डावर काय आणि पाकिटांत काय?

इ. स. १८७९ मध्यें हिंदुस्थानांत पोस्टकार्ड सुरू झालें आणि पाव आण्यांत चार ओळी कोठेंही धाडण्याची सोय झाली. त्या सोयीबरोबर एक विवेकही घरोघर शिरला. खुशाली, परीक्षेचा निकाल, येण्याची तिथि हा मजकूर कार्डावर जाई. कर्ज, दुखणें, मुलीच्या सासरचा जाच हा पाकिटांत जाई. कार्ड वाटेंत दहाजण वाचतील, हें लिहिणाऱ्यास ठाऊक असे. हा नियम कोणीं छापून दिलेला नव्हता. पण तो मोडणाऱ्यास पोच नाहीं, असें वडीलधारी मंडळी म्हणत.

कार्डांचा काळ बहुतेक सरला. परंतु पुष्कळ माणसांनीं एकत्र राहावयाचें म्हटलें कीं, चारचौघांत काय सांगावें आणि काय राखून ठेवावें, हा प्रश्न उभा राहतोच. पुण्याच्या पूर्वेस मांजरीकडे पाहिलें असतां त्याचें महत्त्व ध्यानांत येतें. मुळामुठेच्या कांठचें मांजरी बुद्रुक हें मूळचें शेतीचें गांव. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र व वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ह्या संस्था तेथेंच आहेत. पुढें मळ्यांलगत मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि २०२१ सालीं गांव पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. ग्रामपंचायत गेली, तिजबरोबर ग्रामसभाही गेली. त्या सभेंत कोणाही मतदारास उभें राहून खर्चाचा जाब विचारतां येत असे. आतां समोरासमोर हिशेब मागण्याची जागा पुष्कळांना उरली ती आपल्या गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा. तेथेंही जर झांकपाक चालली, तर नागरिकपणाचे धडे गिरवावयाचे कोठें?

अशा संस्थांत दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. एक म्हणतें, सर्व कांहीं उघडें असावें. ज्याचें मन स्वच्छ त्याला भीति कसली? दुसरें म्हणतें, आमच्या दाराआंतील गोष्टींशीं इतरांना कर्तव्य काय? सन १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानें ह्या दोहोंमधून वाट काढली आहे. उपविधि, तपासलेला ताळेबंद, सभांचीं इतिवृत्तें हीं कोणाही सभासदास पाहतां यावींत; मात्र देण्याघेण्याच्या वह्यांतील स्वतःच्या व्यवहाराचा तेवढा भाग त्यानें पाहावा, दुसऱ्याचा नाहीं. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें सांगितलें कीं, खासगीपणा हा राज्यघटनेनें दिलेल्या मूलभूत हक्कांपैकीं आहे.

कायद्याची ही वांटणी आम्हांस शहाणपणाची वाटते. पण ती पाळली जाते असें म्हणवत नाहीं. थकबाकीदारांचीं नांवें जिन्यापाशीं फळ्यावर झळकतात. एखाद्याची नोकरी गेली असेल, एखाद्या घरांत मोठें दुखणें असेल. शाळेंतून परतणाऱ्या मुलाला तो फळा वाचीतच घरीं यावें लागतें. एकूण थकबाकी किती, हें सभेस कळलेंच पाहिजे; व्यक्तीला मात्र पत्र बंद पाकिटांत जावें. तरीही पैसा न आला तर निबंधकाकडे जाऊन वसुली करण्याचा मार्ग आहेच. समितीवर बसणाऱ्याची गोष्ट निराळी. दुसऱ्यांचा पैसा ज्याच्या हातीं, त्याची थकबाकी सर्वांना कळणें रास्तच होय.

दाराशीं ठेवलेली पाहुण्यांची वही घ्या. आलेल्या बाईनें आपलें नांव व मोबाइलचा आंकडा लिहावा आणि मागून येणाऱ्या परक्या पुरुषानें तो वाचावा, ह्यांत कोणाची सुरक्षितता साधते? मोलकरणीची पिशवी रोज तपासली जाते. रंगकामाच्या ठेक्याचीं दरपत्रकें मात्र मागूनही दिसत नाहींत.

आमच्या एकत्र कुटुंबांची जुनी रीत जाणणाऱ्यांस ह्यांत नवें कांहीं दिसणार नाहीं. सुनेला माहेराहून आलेलें पत्र आधीं वडील मंडळींनीं फोडावें, आणि घरावर कर्ज किती ह्याचा पत्ता मात्र त्याच सुनेला वाडा गहाण पडल्यावर लागावा, असा प्रकार कित्येक घरांत होता. जें एकटीचें तें उघडें, आणि जें सर्वांचें तें झांकलेलें! दुबळ्याकडून मोकळेपणा मागावयाचा आणि सबळानें आपली मूठ झांकून ठेवावयाची, हा न्याय वाड्यांतून इमारतींत आला आहे.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे कीं, कोणतीही गोष्ट जाहीर करण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. ह्यांत सर्वांचा पैसा किंवा सर्वांचा निर्णय गुंतला आहे काय? असल्यास ती मांडावी, मग कारभाऱ्यांस ती कितीही अडचणीची होवो. आणि ती उघड झाल्यानें मान खालीं घालावी लागणार ती कोणाची? अधिकार नसलेल्या माणसाची असेल, तर आधीं त्यास विचारावें. संस्थेची पुढची सभा भरेल तेव्हां ठेक्यांचीं दरपत्रकें टेबलावर मांडावयास सांगा आणि जिन्यापाशींचा फळा पुसावयास सांगा. दोन्ही कामें एकाच बैठकींत होण्याजोगीं आहेत.