डबा बोलतो, ते ऐका



गाडीचे चाक कुरकुरले, की आपण काय म्हणतो? आख कोरडा पडला, वंगण घाला. विहिरीवरचा पंप एकाएकी वेगळा घरघरला, की आपण काय समजतो? पाणी तळाला गेले, पंप बंद करा. यंत्र आपल्यासारखे बोलत नाही. पण आवाज करते. त्या आवाजाचा अर्थ कळला, की नुकसान टळते.

आज आपण अशाच एका यंत्राविषयी बोलू. ते म्हणजे संगणकाचा जुना मॉनिटर. पुढे काच, मागे मोठी पाठ, जुन्या टीव्हीसारखा दिसणारा जड डबा. नवे मॉनिटर पाटीसारखे चपटे असतात. पण जुने डबे अजून कुठे शाळेच्या खोलीत, कुठे वाचनालयाच्या कोपऱ्यात, कुठे कुणाच्या घरी पडून आहेत. कुणी तरी ते चालू करून पाहतो. मग डबा टकटक करतो, शिट्टी मारतो, नाही तर अंधारून जातो. लोक घाबरतात. कुणी थापड मारतो, कुणी पेचकस घेऊन धावतो. या दोन्ही गोष्टी वाईट. का वाईट, ते पुढे सांगतो.

एका म्हातारबाचा अर्ज

2017 च्या पावसाळ्यातली गोष्ट. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचे अर्ज संगणकावर भरायचे होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचे डवरण टाकून लोक रांगेत उभे होते. एका गावी आम्ही लोकांना कागद वाचून दाखवायला बसलो होतो. तिथला मॉनिटर जुना, मोठ्या पाठीचा.

एक म्हातारबा सकाळपासून उभे होते. ही त्यांची तिसरी खेप. त्यांचा नंबर लागला. नाव घातले, खाते नंबर घातला, अर्ज भरत आला. आणि टक् झाले, पडदा काळा पडला.

म्हातारबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "काऊन जी, गेला का माहा अर्ज?"

मागून एकाने सल्ला दिला, "बटन बंद करून पुन्हा चालू करा. आमच्या घरचा टीव्ही असाच येते."

अर्ज भरणारा पोरगा मोठ्या पेटीच्या बटणाकडे हात नेऊ लागला. आमच्यातल्या जाणत्या भाऊंनी त्याचा हात धरला. म्हणाले, "थांब पोरा. पडदा गेला, संगणक नाही गेला. पेटी बंद केलीस, तर अर्ज खरेच जाईल."

भाऊंनी मॉनिटरच्या पाठीमागून आलेली वायर पाहिली. ती पेटीत जिथे खोवतात, तिथे सैल झाली होती. त्यांनी मॉनिटरचे बटण बंद केले, वायर सरळ दाबून बसवली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले आणि मॉनिटर सुरू केला. पडदा उजळला. अर्ज होता तसाच समोर होता.

यातून पहिली गोष्ट शिका. मॉनिटर म्हणजे संगणक नव्हे. मॉनिटर ही नुसती खिडकी आहे. खिडकी लागली, म्हणून घरातले दाणे जात नाहीत. पडदा काळा पडला, तर पेटीचे बटण दाबायची घाई करू नका.

डब्याच्या पोटात काय असते?

डब्यात काचेची एक मोठी नळी असते. पुढे रुंद, मागे निमुळती, नरसाळ्यासारखी. तिच्यातली हवा काढून टाकलेली असते. अशी नळी जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन या शास्त्रज्ञाने 1897 साली प्रथम केली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 1972 साली सुरू झाले. तेव्हाच्या टीव्हीतही हीच नळी होती. लोक तिला पिक्चर ट्यूब म्हणतात.

नळीच्या मानेतून विजेच्या अगदी सूक्ष्म कणांची धार सुटते. ती पुढच्या काचेवर आपटते. काचेला आतून एक लेप दिलेला असतो. धार लागली, की तो लेप चमकतो. मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. ती वेटोळी लोहचुंबकासारखे काम करतात आणि धारेला डावीउजवीकडे, वरखाली फिरवतात. नांगर जसा तासामागून तास काढत शेत पुरे करतो, तशी ही धार ओळीमागून ओळ काढून चित्र पुरे करते. एका सेकंदात असे सारे शेत साठ ते पंच्याऐंशी वेळा नांगरून होते! म्हणून आपल्याला चित्र स्थिर दिसते.

ही धार जोराने ओढायला फार मोठा दाब लागतो. आपल्या घरच्या विजेचा दाब 230 व्होल्ट. रंगीत मॉनिटरच्या नळीला लागतात सुमारे 25,000 व्होल्ट. ही वीज डब्यातच तयार होते. मॉनिटरचे बहुतेक आवाज आणि बहुतेक धोके या मोठ्या दाबापाशी येतात.

कोणत्या आवाजाला भ्यायचे नाही?

बटण दाबल्याबरोबर 'थम्म' असा आवाज होतो आणि चित्र क्षणभर हलते. हे चांगले आहे. नळीत शिरलेले चुंबकाचे दोष डबा आपले आपण काढून टाकतो, त्याचा हा आवाज.

चालू करताना, बंद करताना काचेवर चुरचुर होते. हात जवळ नेला, तर हातावरचे केस उभे राहतात. ही काचेवर साचलेली वीज. घाबरू नका.

चित्राचा आकार बदलताना आत एकदाच 'टक्' होते. ते आतले बटण पडण्याचा आवाज आहे. डबा तापला किंवा निवला, म्हणजे प्लास्टिक क्वचित कटकन वाजते. उन्हात घरावरचे टिन वाजते ना, तसेच.

कोणता आवाज आला, तर बंद करायचे?

'चट् चट्' असा आवाज येतो, त्याबरोबर चित्र दचकते आणि तिखट वास येतो. हा मोठ्या दाबाच्या विजेचा आवाज. ती वाट सोडून उडी मारते आहे. पावसाळ्यात असे फार होते. डब्यात धूळ आणि कापसाचे तंतू बसलेले असतात. ते ओल धरतात, आणि ओली धूळ विजेला वाट देते. लगेच बंद करा आणि प्लग काढा.

'टिक... टिक... टिक...' असे घड्याळासारखे वाजते, दिवा लुकलुकतो, पण चित्र येत नाही. याचा अर्थ डबा सुरू व्हायला पाहतो आणि आपणच थांबतो. आत कुठे तरी वीज आडवाटेने जाते आहे. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. मेकॅनिकला दाखवा.

'फट्' झाले, धूर निघाला, जळका वास आला. आतला कंडेन्सर फुटला असेल किंवा दुसरा एखादा भाग जळला असेल. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा. आग दिसली, तर विजेवर पाणी मारू नका. आधी वीज तोडा.

'घूं' असा आवाज सारखा येतो. जवळ स्टॅबिलायझर किंवा पंखा आहे का ते आधी पाहा. पुष्कळदा आवाज त्यांचाच असतो. ते दूर करूनही आवाज राहिला, तर डब्याच्या आतली गुंडाळी सैल झाली असे समजा.

आता शिट्टीची गंमत ऐका. आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन येत. मुलगी म्हणे, "आई, हा डबा शिट्टी मारते." आम्हा मोठ्यांना काहीच ऐकू येईना. आम्ही तिला गप्प बसवले. चार दिवसांनी डबा बंद पडला. मग कळले, की मुलगी खरे सांगत होती. बारीक, उंच आवाज मुलांना ऐकू येतो. वय वाढले, की आपल्या कानाला तो येत नाही. मॉनिटर धड असतो, तेव्हा त्याची धार इतक्या वेगाने ओळी काढते, की तो आवाज कुणाच्याच कानाला येत नाही. शिट्टी ऐकू येऊ लागली, म्हणजे तो वेग घसरला आहे, किंवा आतली एखादी गुंडाळी सैल होऊन थरथरते आहे. तेव्हा पोरांचे म्हणणे ऐकत जा.

चित्र बिघडले, तर काय पाहायचे?

आधी दिवा पाहा. बटणाजवळचा बारीक दिवा लागलाच नाही, तर लाइन आहे का, प्लग नीट बसला आहे का, मागची वायर सैल आहे का, ते पाहा. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहा.

दिवा पिवळा आहे किंवा लुकलुकतो आहे, आणि आवाज मुळीच नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की डबा जागा आहे, पण त्याला चित्र मिळत नाही. चित्राची वायर पाहा. ती पेटीतून काढून ठेवली, तर पुष्कळ मॉनिटर आपला स्वतःचा निरोप पडद्यावर दाखवतात. निरोप दिसला, तर डबा ठीक आहे. दोष वायरीत किंवा पेटीत आहे.

सारे चित्र पिवळे, निळे किंवा तांबूस दिसते. तीन रंगांपैकी एक रंग येत नाही. वायरीच्या टोकाला बारीक पिना असतात, तीन ओळींत मिळून पंधरा. एखादी वाकली का ते पाहा. एक पीन मुळातच नसेल, तर घाबरू नका. काही वायरींत ती कारखान्यातूनच नसते.

पडद्याच्या एका कोपऱ्यात रंगाचा डाग पडतो. जवळ स्पीकर आहे का? स्पीकरमध्ये लोहचुंबक असते. ते विजेच्या धारेला ओढते. स्पीकर दूर ठेवा. मॉनिटर अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू करा. डाग बहुधा जातो.

चित्र पाण्यासारखे लहरते. मॉनिटर हातभर सरकवून पाहा. पंख्याची मोटर, स्टॅबिलायझर किंवा दुसरा मॉनिटर जवळ असला, की असे होते.

चित्र चारही बाजूंनी आत ओढले जाते. विजेचा दाब कमी आहे का ते पाहा. ओलिताच्या दिवसांत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालतात, तेव्हा दाब उतरतो. दाब ठीक असूनही चित्र लहानच राहिले, तर दोष आत आहे.

पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ दिसते. धारेला वरखाली फिरवणारा भाग थांबला. धार एकाच तासात फिरते आहे. तसेच चालू ठेवले, तर काचेवरचा लेप तिथे जळून जाईल. बंद करा.

चित्र अंधुक आणि पुसट दिसते, बटणांनीही सुधारत नाही. नळी म्हातारी झाली. तिला औषध नाही.

थापड का मारू नये?

थापड मारल्यावर चित्र येते, हे कधी कधी खरे असते. त्यावरून इतके कळते, की आत एखादा झाळलेला सांधा सुटला आहे. पण थापडेने सांधा जुळत नाही, आणखी सुटतो. मेकॅनिकला सांगा, "हलवले की चित्र येते." त्याचे अर्धे काम होईल.

आता सर्वांत महत्त्वाचे. डब्याची पाठ उघडू नका. प्लग काढला, तरी नळीत मोठ्या दाबाची वीज पुष्कळ वेळ साठून राहते. कधी तासन् तास, कधी त्याहूनही जास्त. बंद आहे म्हणून आत हात घालणाऱ्याला जबर झटका बसतो. तो जीवही घेऊ शकतो. त्या विजेला आधी जमिनीत सोडावे लागते. ते शिकलेल्या मेकॅनिकचे काम आहे.

दुसरा धोका काचेचा. नळीत हवा नाही. बाहेरची हवा तिला चहूकडून दाबत असते. नळी फुटली, तर काच जोराने उडते. डबा उचलायचा, तर काचेची बाजू छातीकडे धरा. जड भाग तिकडेच असतो. डबा मोठा असेल, तर दोघांनी उचला.

डबा मेला, तर?

भंगारात तांब्याला पैसे मिळतात, म्हणून काही लोक नळी फोडतात, तारा जाळतात. असे करू नका, पोरांना करू देऊ नका. नळीच्या काचेत शिसे असते. शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूला ते फार अपाय करते. जळत्या वायरीचा धूरही विषारी असतो. विहिरीजवळ, उकिरड्यावर असा डबा टाकू नका.

असल्या कचऱ्यासाठी सरकारने नियम केले आहेत. पहिले नियम 2011 साली आले. आजचे नियम 1 एप्रिल 2023 पासून चालू आहेत. असा कचरा नोंदणी झालेल्या कारखान्याकडेच गेला पाहिजे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशा कारखान्यांची माहिती मिळते. ग्रामपंचायतीने गावातले मेलेले डबे एका कोरड्या खोलीत जमवावे आणि एकदम पाठवावे. एकट्याला जड जाते, ते गावाला सोपे होते.

ध्यानात ठेवा

मॉनिटरवर सुंदर रुमाल घालायची आपल्याकडे रीत आहे. पण चालू असताना रुमाल काढा. वरची भोके म्हणजे त्याचे नाक आहे.

जिनिंगजवळ, कापसाच्या गंजीजवळ मॉनिटर ठेवू नका. धूळ बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, तीही प्लग काढून.

आभाळ गडगडू लागले, की प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

पडदा काळा पडला, तर आधी वायर पाहा. पेटी बंद करू नका.

चट् चट्, धूर किंवा जळका वास आला, तर विचार करत बसू नका. वीज तोडा.

ते म्हातारबा त्या दिवशी अर्जाची पावती धोतराच्या सोग्यात बांधून घरी गेले. त्यांचा अर्ज कुण्या मोठ्या विद्येने वाचला नाही. एका माणसाने घाई केली नाही आणि आधी वायर पाहिली, एवढ्यानेच वाचला.